खून करून कांगावा करणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एखाद्या मृत्यूबद्दल मनात शंका असलेले नातेवाईक, कायदा किंवा मानसशास्त्र शिकणारी मुलं आणि गुन्ह्यांच्या बातम्या करणारे वार्ताहर यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं नाशिक शहर आणि जिल्हा डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम) आहेत. गुन्हा त्याआधी घडला असेल तर त्याला जुनं भारतीय दंड विधानच लागतं.

सगळेच खुनी स्वतःला बळी म्हणवतात का?

नाही. पुष्कळ खून रागाच्या भरात, दारूत, बांधाच्या किंवा पैशाच्या भांडणातून होतात. तिथे आरोपी एक तर पळतो, नाही तर स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन बसतो. इथे विषय वेगळ्या माणसाचा आहे. हा मारण्याआधीच नंतर काय सांगायचं ते ठरवतो, किंवा मारल्यावर काही मिनिटांत फिर्यादीची जागा पकडतो. दार तोच ठोठावतो, शेजाऱ्यांना तोच उठवतो, अंत्यविधीला सगळ्यांत पुढे तोच असतो.

त्याच्या भूमिका ठरलेल्या असतात. पहिली, शोकात बुडालेला नातेवाईक. ती टिकली नाही की ‘मी स्वतःला वाचवत होतो’. तीही ढासळली की ‘तिने मला इतकी वर्षं छळलं, माझ्यावर वेळच तशी आणली’. शेवटी ‘पोलीस, मीडिया, सासरचे सगळे माझ्यामागे लागलेत’. एकच माणूस पुरावा पुढे येईल तशा या पायऱ्या उतरत जातो. अमेरिकेतल्या ख्रिस वॉट्सने ऑगस्ट २०१८ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गरोदर बायको आणि दोन मुलींना परत येण्याची विनवणी केली. पॉलिग्राफमध्ये (खोटं पकडण्याच्या चाचणीत) नापास झाल्यावर त्याने सांगितलं की मुलींना बायकोनेच मारलं आणि ते पाहून आपला तोल गेला. नोव्हेंबरमध्ये त्याने सगळे खून कबूल केले. मधली पायरी नीट पाहा. मेलेल्या बाईवर मुलींच्या खुनाचा आळ घालून त्याने स्वतःला दुःखी बाप म्हणून उभं केलं होतं.

यामागचं मानसशास्त्र काय आहे?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये या वागण्याची तीन पावलं मांडली: आधी साफ नाकारायचं, मग आरोप करणाऱ्यावर तुटून पडायचं, आणि शेवटी जागांची अदलाबदल करायची, म्हणजे गुन्हेगार बळी होतो आणि बळी गुन्हेगार. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. फ्रेड यांच्या मांडणीचा उपयोग असा की ही पावलं बहुधा याच क्रमाने येतात, आणि क्रम माहीत असला की ऐकणारा गडबडत नाही.

त्याआधी १९५७ मध्ये साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी गुन्हेगार स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो याच्या पाच पद्धती सांगितल्या होत्या. जबाबदारी माझी नाही. फारसं नुकसान झालंच नाही. ज्याचं झालं त्याची तीच लायकी होती. मला बोलणारे तुम्ही कोण, तुम्हीच भ्रष्ट. आणि मी हे माझ्या माणसांसाठी केलं. ही पाच वाक्यं कोर्टाच्या आवारात अर्धा दिवस बसलात तरी कानावर पडतील. तिसरं वाक्य सर्वांत घातक, कारण ते खुनानंतर सुचत नाही. खुनाच्या कितीतरी आधीपासून ‘ती अशीच आहे’, ‘म्हातारा कुणाला सुखाने जगू देत नाही’ असं चारचौघांत पेरलं जातं.

ते खोटं बोलत असतात, की त्यांना खरंच तसं वाटतं?

दोन्ही, आणि एकाच वेळी. घटनेबद्दल ते जाणूनबुजून खोटं बोलतात: दरवाजा आतून बंद होता, मी कामावर होतो. अन्यायाबद्दल मात्र पुष्कळदा मनापासून बोलतात. बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की एकाच प्रसंगाबद्दल दुखावणारा आणि दुखावलेला वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. दुखावणाऱ्याला तो प्रसंग छोटा, संपलेला आणि समजण्यासारखा वाटतो. दुखावलेल्याला तो अकारण आणि अजून चालू असलेला वाटतो. हा फरक साध्या, भल्या माणसांतही आढळतो. आपल्या चर्चेतल्या माणसात तो टोकाला गेलेला असतो.

तेल अवीव विद्यापीठातल्या राहाव गबाय आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘आपण कायम बळी’ ही वृत्ती मोजली. तिचे चार भाग त्यांनी सांगितले: माझं दुःख मान्य करा हा हट्ट, नैतिकदृष्ट्या आपणच वरचढ ही खात्री, दुसऱ्याच्या वेदनेबद्दल कमी आस्था, आणि जुने अपमान उगाळत राहणं. ही वृत्ती असलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो हे वेगळं सांगायला नको. तशी माणसं प्रत्येकाच्या नात्यात दोन-चार असतात. पण थंड डोक्याने फायदा बघणाऱ्या माणसात ती असली की खोटं बोलताना त्याचा आवाज कापत नाही, कारण भावना खरी असते आणि खोटा असतो तो तपशील. म्हणूनच असा माणूस फार पटतो.

म्हणजे हे सगळे सायकोपॅथच ना?

हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की बोलताना सोडलेला बरा. कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथी मोजणारी तपासणी-सूची २० मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला ० ते २ गुण, एकूण ४०, आणि उत्तर अमेरिकेत साधारण ३० च्या पुढे हे नाव लावतात. ती भरायला प्रशिक्षित तज्ज्ञ, लांबलचक मुलाखत आणि जुनी कागदपत्रं लागतात. टीव्हीवरच्या चर्चेत बसून कुणाला ती लावता येत नाही. ‘वरवरचं मोहक बोलणं’, ‘सराईत खोटेपणा’, ‘स्वतःच्या कृत्याची जबाबदारी न घेणं’ हे त्या सूचीतले मुद्दे आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत.

पॉलहस आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये तीन वृत्ती एकत्र मांडल्या: आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि सायकोपॅथी. कांगावा करणाऱ्यांत आत्मप्रौढीचा एक खास प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. हा माणूस छाती फुगवून चालत नाही. तो सतत दुखावलेला, हळवा, ‘मला कुणी समजून घेतलं नाही’ असं म्हणणारा असतो. त्यामुळे त्याच्याकडे कुणी संशयाने बघत नाही.

कायद्याच्या नजरेत यातलं काहीही वेडेपणात मोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा बचाव मिळायला आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे कळण्याची क्षमताच कृत्याच्या वेळी नसावी लागते. पुरावा लपवणारा, खोटा फोन करणारा माणूस आपल्याला सगळं कळत होतं हे स्वतःच सिद्ध करत असतो.

रडणं खरं की खोटं, हे कसं ओळखायचं?

ओळखायच्या भानगडीत पडू नका. बाँड आणि डेपाउलो यांनी २००६ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात.

कॅनडात टेन ब्रिंकी आणि पोर्टर यांनी २०१२ मध्ये हरवलेल्या नातेवाइकासाठी टीव्हीवर विनवणी करणाऱ्या ७८ जणांच्या चित्रफिती चौकटीगणिक तपासल्या. त्यातल्या जवळपास निम्म्यांनी त्याच नातेवाइकाचा खून केल्याचं पुढे सिद्ध झालं होतं. खोटं बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचे स्नायू पूर्ण आवळले जात नव्हते, आणि ते कमी शब्दांत पण मोघम बोलत होते. एवढं वाचून कुणी अंत्ययात्रेत लोकांच्या भुवया बघत उभं राहू नये. संशोधकांकडे थांबवून, मागे-पुढे करून पाहायला चित्रफीत होती.

चेहऱ्यावरून निकाल दिला की काय होतं याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १९८० मध्ये लिंडी चेंबरलेन या बाईचं ९ आठवड्यांचं बाळ छावणीतून डिंगो या रानकुत्र्याने नेलं. ती कॅमेऱ्यासमोर लोकांना हवी तशी रडली नाही. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. गाडीत ‘बाळाचं रक्त’ म्हणून प्रयोगशाळेने सांगितलेला डाग आवाज कमी करण्यासाठी फवारलेल्या रसायनाचा निघाला. बाळाचं जॅकेट सापडल्यावर १९८६ मध्ये ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनेच बाळ नेलं हे मृत्युचौकशीत अधिकृतपणे नोंदवायला २०१२ उजाडलं. न रडणारी आई खरी होती. टाहो फोडणारे कितीतरी खोटे होते.

मग तपासात नक्की काय पाहतात?

घड्याळ, शरीर, फोन आणि पैसा. सांगितलेली हकीकत या चार गोष्टींना लावून बघायची.

वेळेपासून सुरुवात करू. मृत्यू कळल्याचा क्षण आणि पहिला फोन यांत किती अंतर आहे? पहिला फोन १०८ किंवा ११२ ला गेला, की भावाला, वकिलाला? फोनवर पहिलं वाक्य मदतीचं होतं, की स्वतःच्या बचावाचं? ‘मी तर सातपूरला रात्रपाळीत होतो’ हे वाक्य कुणी न विचारता पहिल्या मिनिटात आलं तर तपासी अंमलदार ते लिहून ठेवतो. एवढ्यावर दोष ठरत नाही. घाबरलेला माणूसही काहीबाही बोलतो. पण तिथून पुढे कंपनीचं हजेरीयंत्र, गेटवरचा कॅमेरा आणि मोबाइलचा टॉवर तपासता येतो. गाडीने मुंबईकडे गेलो म्हणणाऱ्याची फास्टॅगची नोंद घोटीच्या टोलनाक्यावर असायला हवी. धुळ्याकडे गेला असेल तर पिंपळगाव बसवंतला. वर्षानुवर्षं कधी बंद न झालेला फोन नेमका त्या रात्री ११ ते ४ बंद असणं हीसुद्धा एक नोंदच आहे.

मग शरीर. हृदय थांबल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि साधारण ६ ते १२ तासांत ते डाग पक्के होतात. मृतदेह पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असतील तर कुणीतरी नंतर तो पालथा केला आहे. गळफासाचा व्रण बहुधा हनुवटीच्या जवळ, तिरका आणि एका बाजूला तुटलेला असतो. दोरीने आवळलेल्या गळ्यावरचा व्रण खाली, आडवा आणि सहसा पूर्ण गोल असतो. अपवाद असतात, म्हणून निर्णय शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा.

‘माझ्यावरही हल्ला झाला’ म्हणणाऱ्याच्या जखमाही याच पद्धतीने बघतात. अमेरिकेत १९८३ मध्ये डायेन डाउन्स या बाईने अनोळखी माणसाने गाडी थांबवून आपल्या तीन मुलांवर गोळ्या झाडल्याचं सांगितलं. मुलांच्या जखमा जिवावरच्या होत्या, एक मूल मेलं. तिची स्वतःची जखम डाव्या हाताला. मागून येणाऱ्या एका चालकाने साक्ष दिली की तिची गाडी ताशी आठ-दहा किलोमीटरने चालली होती. रक्तबंबाळ मुलं मागे असताना दवाखान्याकडे कोण असं रमतगमत जाईल? पुढे तिच्या वाचलेल्या मुलीनेच कोर्टात सांगितलं की गोळ्या आईने झाडल्या. १९८४ मध्ये तिला शिक्षा झाली. दरम्यान ती टीव्हीवर भरपूर मुलाखती देऊन चुकली होती.

पैशाचं फारसं सांगायला नको: नवा विमा, वाढवलेली रक्कम, बदललेला वारस, मृत्यूनंतर आठवड्यात दाव्याचा अर्ज, सातबाऱ्यावर घाईने केलेली नोंद.

पुरावा कुठे निसटतो?

पहिल्या ४८ तासांत, आणि बहुतेकदा घरच्यांच्याच हातून. अंगावरचे कपडे बदलले जातात, फरशी पुसली जाते, अंथरूण धुवायला टाकलं जातं, ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून शवविच्छेदन टाळलं जातं आणि संध्याकाळच्या आत अमरधाममध्ये दहन उरकतं. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साधारण १५ ते ३० दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. पोलिसांनी पत्र देईपर्यंत महिना उलटला तर हाती काही लागत नाही. मोबाइलच्या कॉलची यादी कंपन्यांकडे २ वर्षं राहते, त्यामुळे तिथे थोडा श्वास घ्यायला वाव असतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि त्याचं चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. हे पूर्ण लागू करायला राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. नमुने नाशिकच्याच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. व्हिसेऱ्याचा (विषाच्या तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल यायला वेळ लागतो, आणि तोवर कांगावा करणाऱ्याला गावभर बोलायला मोकळं रान मिळतं.

घराच्या चार भिंतींत घडलं आणि साक्षीदार कुणी नसेल तर?

तर सांगण्याची जबाबदारी काही प्रमाणात घरातल्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६, आता साक्ष अधिनियमाचं १०९, असं म्हणतं की जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे ती त्याने सिद्ध करावी. महाराष्ट्रातल्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात सून सर्पदंशाने गेली असं तिच्या माहेरी कळवण्यात आलं होतं. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की घरात घडलेल्या अशा गुन्ह्यात घरातल्या माणसाने गप्प बसणं किंवा खोटं स्पष्टीकरण देणं ही पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते. पण साखळी आधी सरकार पक्षाने उभी करायची असते. नुसत्या गप्प बसण्यावर शिक्षा होत नाही.

साप हे निमित्त पुन्हा २०२० मध्ये केरळात आलं. कोल्लम जिल्ह्यात नवऱ्याने नागाकरवी बायकोला मारलं आणि स्वतः शोक करत राहिला. तिला काही आठवड्यांपूर्वीही साप चावला होता, आणि त्याच जखमेतून ती माहेरी बरी होत होती. तपासात पुतळ्यावर प्रयोग करून दाखवलं गेलं की सापाचं डोकं धरून दाबल्यावर दातांच्या खुणांमधलं अंतर नैसर्गिक चाव्यापेक्षा वाढतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली.

नाशिकशी जोडलेलं ठळक प्रकरण कोणतं?

गावित मायलेकींचं. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुलं पळवली. अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नातल्या मुलीच्या अपहरणाच्या तपासातून १९९६ मध्ये सगळं बाहेर आलं, आणि तो धागा नाशिकचा होता. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला.

त्यांची पद्धत आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. जत्रेत, देवळाच्या गर्दीत पाकीट मारताना कडेवर मूल ठेवायचं. पकडलं तर ‘लेकुरवाळी बाई चोरी करील का?’ म्हणून गळा काढायचा. गर्दी विरघळते आणि पकडणाराच वाईट ठरतो. हा कांगावा एकदा चालला म्हणून मुलं पळवायला लागल्या. मूल म्हणजे त्यांच्या लेखी सहानुभूती मिळवायचं साधन होतं, आणि काम संपल्यावर नकोसं. अंजनाबाई १९९७ मध्ये कोठडीत असतानाच मेली. बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

सेवा करणारा, काळजी घेणारा माणूसही यात येतो का?

येतो. चार्ल्स शोभराज परदेशी प्रवाशांना गुंगीचं किंवा पोट बिघडवणारं औषध द्यायचा आणि मग त्यांची शुश्रूषा करायचा. ते त्याचे उपकार मानायचे. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला १९८६ मध्ये गोव्यात पकडलं. अमेरिकेत अनेक मुलींचे खून करणारा टेड बंडी हाताला खोटं प्लास्टर बांधून मुलींकडे मदत मागायचा. एक जण उपकारकर्ता झाला, दुसरा लाचार. दोघांनीही समोरच्याच्या चांगुलपणाचाच वापर केला.

सोसून सोसून नवऱ्याला मारणारी बाईही मग कांगावखोरच म्हणायची का?

इथे घाई केली तर मोठा अन्याय होतो. ब्रिटनमध्ये किरणजीत अहलुवालिया हिने दहा वर्षं मारहाण सोसल्यावर १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवलं. आधी खुनाबद्दल जन्मठेप झाली, पण १९९२ मध्ये ती शिक्षा रद्द होऊन ती सुटली, कारण छळाचा आणि तिच्या मनःस्थितीचा पुरावा पहिल्या खटल्यात नीट आलाच नव्हता.

फरक बघायचा तो कागदाच्या तारखेत. खऱ्या छळाच्या खुणा घटनेच्या आधीच्या असतात: सिव्हिलमधला जुना केसपेपर, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, बहिणीला रात्री दोनला गेलेला संदेश, शेजारणीने कधीतरी लावून दिलेली हळद. कांगाव्यातला छळ घटनेनंतर जन्माला येतो आणि प्रत्येक जबाबात वाढत जातो. हा नियम शंभर टक्के चालत नाही, कारण कितीतरी बायका कुठेच काही सांगत नाहीत. म्हणून कागद नाही म्हणजे छळ नव्हता, असा उलटा अर्थ काढू नये.

स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ‘गंभीर आणि अचानक चिथावणी’ हा अपवाद कलम १०१ मध्ये. दोन्ही सिद्ध करण्याचा भार ते मागणाऱ्यावर असतो.

जिवंत माणसाला धोका आहे हे आधी कळतं का?

काही प्रमाणात. ब्रिटनच्या जेन मंक्टन स्मिथ यांनी जोडीदाराकडून झालेल्या ३७२ खुनांचा अभ्यास करून २०१९ मध्ये ८ टप्पे मांडले. त्यातले ओळखू येणारे टप्पे असे: जुन्या नात्यातही त्रास दिल्याचा इतिहास, फार लवकर लग्नाचा आग्रह, मग रोजचं नियंत्रण, मग एखादं निमित्त (बहुधा ती सोडून जाणार हे कळणं), धमक्या वाढणं, आणि नंतर त्याच्या विचारांत झालेला बदल, जो बाहेरून अचानक आलेल्या शांततेसारखा दिसू शकतो. घरचे या शांततेला ‘सुधारला’ म्हणतात. इथे जास्त सावध राहायला हवं, कारण पुढचा टप्पा नियोजनाचा आहे.

एक खूण सगळ्यांहून वर ठेवा: गळा दाबणं. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. बाहेरून वळ दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळायला त्रास, डोळ्यांत लाल ठिपके दिसले की त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला जा, गळा दाबला हे शब्द तसेच सांगा आणि एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवून घ्या. ‘भांडणात लागलं’ असं लिहिलं गेलं तर तो कागद पुढे कामाचा राहत नाही.

निघून जायचं ठरलं असेल तर आधी जाहीर करू नका. ‘शेवटचं एकदा भेटू, वस्तू परत देतो’ या भेटीला एकट्याने जाऊ नका, गंगापूर धरणाच्या काठावर तर नाहीच. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून थेट दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्यासाठी आधी गुन्हा नोंदवावा लागत नाही. फोटो आणि संदेश आपल्या फोनवर न ठेवता विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवा. फोन बहुधा त्याच्या हातात जातो.

नातेवाइकाच्या मृत्यूबद्दल संशय आहे. आज काय करू?

दहनाआधी लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणं नोंदवलं जात नाही. अर्जात ‘आमचा संशय आहे, शवविच्छेदन आणि व्हिसेरा राखून ठेवणं व्हावं’ एवढं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद आणि मरणोत्तर पंचनामा होतो. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन टाळता येत नाही. पंचनाम्याला पंच म्हणून माहेरच्या बाजूचं कुणी हजर राहील असं बघा, आणि सही करण्याआधी वाचा.

अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलाव्याने खराब होतात. पोलिसांनी कागदी पाकिटात घ्यावेत. फोन कुणी ‘अनलॉक करून बघू’ म्हणाला तर हात लावू देऊ नका. आसपासच्या कॅमेऱ्यांची यादी, दुकानाचं नाव आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून त्याच दिवशी पोलिसांना द्या.

गुन्हा नोंदवायला टाळाटाळ झाली तर कलम १७३(४) नुसार लेखी तक्रार वरिष्ठांकडे टपालाने पाठवा: शहरात पोलीस आयुक्त, सिन्नर-निफाड-दिंडोरी भागात पोलीस अधीक्षक, ग्रामीण. तरी हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते मागायला लाजू नका.

आणि व्हॉट्सॲपवर आरोपीचं नाव घेऊन काही लिहू नका. त्याला ‘मी बदनामीचा बळी’ म्हणायची आयती संधी मिळते, आणि तुमच्या साक्षीला वैराचा रंग चढतो.

नार्को केली की सत्य बाहेर येईल ना?

सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीने करता येत नाही. संमतीने केली तरी त्यातलं बोलणं स्वतंत्र पुरावा ठरत नाही. सराईत बोलणारा माणूस संमती देतो तीही बहुधा बातमीसाठी.

वार्ताहरांनी काय टाळावं?

पहिल्या दिवशीच्या मुलाखतीतली हकीकत मथळ्यात घेऊ नये. १९८९ मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स स्टुअर्टने गरोदर बायकोला मारून स्वतःलाही गोळी घालून घेतली आणि एका काळ्या माणसावर आळ घेतला. १९९४ मध्ये सुसान स्मिथने मुलांना गाडीसकट तळ्यात सोडून तोच आळ घेतला आणि ९ दिवस टीव्हीवर विनवण्या केल्या. दोघांनी समाज ज्याच्यावर पटकन विश्वास ठेवील असाच खलनायक निवडला. आपल्याकडे ती जागा परप्रांतीय मजूर, भटक्या जमाती किंवा ‘मुलं पळवणारी टोळी’ यांना मिळते. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यामुळे ‘अज्ञात इसम’ ही हकीकत छापताना ती कुणी सांगितली हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

शिक्षा झाल्यावर ते बदलतात का?

कबुली क्वचित येते, आणि आली तरी दोष दुसऱ्यावर असतो. बंडीने जानेवारी १९८९ मध्ये विजेच्या खुर्चीत मृत्युदंड होण्याआधीच्या मुलाखतीत अश्लील साहित्याकडे बोट दाखवलं. कॅनडात राइस, हॅरिस आणि कॉर्मियर यांना १९९२ मध्ये आढळलं की कैद्यांनी एकमेकांशी मनमोकळं बोलण्याच्या एका उपचारानंतर सायकोपॅथी जास्त असलेल्यांनी सुटल्यावर हिंसक गुन्हे उलट जास्त केले. दुसऱ्याच्या भावना कुठे दुखतात हे त्यांना अधिक चांगलं कळलं असावं, असा एक अंदाज त्यावर मांडला जातो. सगळे उपचार निरुपयोगी असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. तो उपचारही विचित्रच होता.

घरात लहान मूल आहे आणि त्याच्या आईच्या मृत्यूबद्दल बापावरच संशय आहे. मुलाचं काय?

मुलाला बापाकडचे ‘आई आपल्याला सोडून गेली, तीच वाईट होती’ असं सांगतात, माहेरचे दुसरं काही. दोन्ही थांबवा. मुलाने स्वतःहून काही सांगितलं तर त्याचे शब्द तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवा. उलटसुलट प्रश्न विचारू नका, आणि ‘बाबांनी मारलं ना?’ असं तर अजिबात नाही, कारण शिकवलेली साक्ष कोर्टात पाच मिनिटांत उघडी पडते आणि खरी असलेली साक्षही तिच्याबरोबर वाया जाते. त्याचा जबाब लवकरात लवकर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावा यासाठी पोलिसांकडे अर्ज करा. ताब्याचा वाद असेल तर १०९८ वरून बालकल्याण समितीशी संपर्क होतो. नुकसानभरपाईसाठी त्याच संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. मूल झोपेतून दचकून उठत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.